चव बघायचा पेला

मी एक जुना पेला आहे. काचेचा, पोटाशी रुंद, तोंडाशी निमुळता, खाली बोटभर देठ आणि त्याखाली चपटं बूड. नगरजवळचं केडगाव मागे टाकून पुण्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर पत्र्याची एक मोठी शेड लागते. तिथे बिअरचा लहानसा कारखाना आहे. त्याच्या तपासणीच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर, मी सध्या बसून असतो. बसून असण्याशिवाय आता मला काही काम नाही.

मित्रांनो, बिअरचं नाव काढलं म्हणून तुमच्या घरातली मंडळी भुवया चढवतील. चढवू द्या. ती मोठ्या माणसांची गोष्ट आहे, आणि मोठ्यांमधल्याही पुष्कळांनी तिच्यापासून लांब राहिलेलं बरं. मी तिची तरफदारी करायला बसलेलो नाही. माझ्या हातून, म्हणजे माझ्यातून, दोन माणसांनी वर्षानुवर्षं एक काम केलं. ते काम काय होतं आणि त्यात त्यांच्यावर काय गुदरलं, एवढंच मला सांगायचं आहे. तेवढं सांगितलं की मला जरा बरं वाटेल.

माझा जन्म फिरोजाबादच्या एका भट्टीतला. वितळलेल्या काचेचा गोळा, त्यात फुंकलेली हवा, मग साचा, मग हळूहळू निवणं. आम्ही सहा जण एका खोक्यात, पेंढ्यात गुंडाळून नगरला आलो. वाटेत एक फुटला. पुढच्या वर्षांत बाकीचेही एकेक करून गेले. कुणी बेसिनमध्ये आपटला, कुणी उकळत्या पाण्यानं तडकला. उरलो मी.

मला खोक्यातून बाहेर काढलं ते अजिनाथनं. अजिनाथ केडगावचाच. रसायनशास्त्र शिकलेला, बाहेरगावच्या मोठ्या कारखान्यांत दहा-बारा वर्षं काढून परत आलेला. कारखाना अंगदचा. अंगद वयानं लहान, हौशी आणि सदा घाईत असलेला. त्यानं जागा आणि यंत्रं उभी केली, आणि बिअर कशी करायची ते सगळं अजिनाथच्या हवाली केलं. तो त्याला अजिनाथदादा म्हणायचा.

अजिनाथनं ठरवलं की आपण हलकी बिअर करायची. सेशन एल हे तिचं कारखान्यातलं नाव. निवांत बसावं, गप्पा माराव्यात, डोकं जड होऊ नये, अशा बैठकीसाठी केलेली. म्हणून आमच्याकडे सगळे तिला 'बैठकीची' म्हणत. ऐकायला सोपी वाटते, पण करायला सगळ्यांत अवघड तीच. काळ्या, दाट बिअरमध्ये भाजलेल्या धान्याचा वास इतका दांडगा असतो की चार चुका त्याखाली झाकून जातात. हलकीत काहीच झाकत नाही. मोड आणलेले सातू, पाणी, यीस्ट आणि हॉप्स नावाच्या वेलीची वाळवलेली हिरवी फुलं. या चारांतलं एक जरी बिघडलं तरी पहिल्या घोटाला कळतं.

ते कळावं म्हणून मी होतो.

रोज सकाळी दहाला, पोटात चहासुद्धा नसताना, अजिनाथ मला टाकीच्या तोटीखाली धरायचा. अर्धा भरायचा, तेवढाच. मग या खिडकीशी येऊन मला उन्हात धरायचा. वाळलेल्या कडब्यावर सकाळचं ऊन पडतं ना, तसा तिचा रंग. वर बोटभर पांढरा फेस. तो मला दोनदा गोल फिरवायचा, नाक माझ्या तोंडाशी आणायचा आणि डोळे मिटायचा. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे काही व्हायचं, ते पाहण्यात माझी सगळी चांगली वर्षं गेली. मला स्वतःला वास येत नाही, मित्रांनो. वास माझ्यात साठतो, पण मला नाक नाही. बिअर कशी झाली आहे ते मी त्याच्या भुवयांवरून ओळखायचो.

"संत्र्याची साल," तो पुटपुटायचा. "मागे गवती चहा. जरा कैरी." मग एक घोट. तोंडात घोळवायचा, थोडा वेळ थांबायचा. "कोवळ्या मेथीएवढं कडू. बास. आता साफ." आणि वहीत लिहायचा. ती वही अजून इथेच, माझ्या शेजारी आहे.

मला धुण्याचं काम राहीबाईकडे होतं. ती पारनेरकडची, पन्नाशीची, काटक अंगाची बाई. तिच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर तिनं बावीस वर्षं एकच काम केलं होतं. दुधाचा कॅन आला की टोपण उघडायचं, नाक खाली न्यायचं आणि सांगायचं, घ्या किंवा बाजूला ठेवा. गाईनं कांद्याची पात खाल्ली असली तरी तिला दुधावरून कळायचं. कॅन घाईत विसळला असला तरी कळायचं. पुढे ते केंद्र बंद पडलं आणि राहीबाई इथे बाटल्या, पिंपं आणि पेले धुवायला आली. इथे तिचं नाक कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. ती मला कधी साबण लावायची नाही. गरम पाणी, चिमूटभर सोडा, मग तीन वेळा गार पाणी, आणि धुतलेल्या फडक्यावर पालथा. सोड्यानं तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. रोज मला धरताना त्या भेगा मला लागायच्या.

अशी काही वर्षं सुखात गेली. आमच्या बैठकीच्या बिअरला नाव मिळालं. लांबून माणसं चव बघायला यायची, अजिनाथशी हात मिळवायची. कुणीतरी माझाही फोटो काढला होता, उन्हात धरलेला.

मग अजिनाथला ताप आला. वीस-बावीस दिवस तो घरी होता. परत आला तेव्हा अंगानं उतरला होता, पण हसत होता. त्यानं मला भरलं, खिडकीशी आणलं, फिरवलं आणि नाक जवळ आणलं.

त्याच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही.

त्यानं पुन्हा नाक आणलं. तिसऱ्यांदा इतकं खोल ओढलं की फेस नाकाला लागला. मग मला खाली ठेवून त्यानं खोलीचं दार लावलं. डब्यातली लसणाची पाकळी चिरडून हुंगली. स्पिरिटची बाटली उघडून हुंगली. शेवटी वही ओढली, मागचं पान उलटलं, आणि तिथे लिहिलं होतं तेच उतरवून काढलं. संत्र्याची साल. गवती चहा. जरा कैरी.

त्या दिवसापासून दोन वर्षं हेच चाललं. जिभेला कडू, गोड, आंबट कळायचं, तेवढ्यावर तो निभावून न्यायचा. बाकी सगळं पाठ होतं. किती दिवसांनी काय करायचं, टाकी कधी गार करायची, हे त्याच्या हाताला माहीत होतं. बिअर चांगलीच होत राहिली, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. पण रोज दहा वाजता मला उचलताना त्याचा हात जड व्हायचा. आधी जे काम करताना तो उजळायचा, ते आता उरकायचा. मी रोज त्याच्या नाकाशी जायचो आणि रोज रिकाम्या चेहऱ्याकडे बघून परत यायचो. मलाही त्याचा शीण यायला लागला. खोटं लिहिलं जातंय हे ठाऊक असून आपण त्या खोट्याचं भांडं असणं, हे फार थकवणारं असतं.

दुसऱ्या वर्षीचा मे महिना वाईट गेला. पत्रे तापायचे, वीज जायची. अंगदनं पुण्याच्या एका नव्या हॉटेलशी बोलणी केली होती. त्यांच्या उद्घाटनाला आमची बैठकीची बिअर ठेवायची, आणि जमलं तर कायमची. तीन नंबरची अख्खी टाकी त्यासाठी राखली होती. दिवस जुळावेत म्हणून अजिनाथनं ती टाकी दोन दिवस आधीच गार केली. पूर्वी असं काही करण्याआधी तो नाकाला विचारायचा. आता विचारायला कुणी नव्हतं.

ज्या सकाळी टेम्पो येणार होता, त्या सकाळी त्यानं मला भरलं, हुंगल्यासारखं केलं, घोट घेतला, "छान" म्हणाला आणि वहीकडे वळला. राहीबाईनं मला धुवायला उचललं. बिअर अजून अर्धी होती. ती ओतायला तिनं मला तिरकं केलं आणि थांबली. मला नाकाशी नेलं. बावीस वर्षं ज्या तऱ्हेनं तिनं कॅनवर मान वाकवली होती, तशीच वाकवली.

"सायेब," ती म्हणाली, "हितं कुनी लोनी कढवलंय का?"

"नाही मावशी. का?"

"ह्या पेल्यात लोन्याचा वास येतूय. तूप व्हायला आलं, खाली बेरी धरली, की येतो तसा."

अजिनाथ वहीतून मान वर न करता म्हणाला, "तो हॉप्सचा वास आहे."

"हापसचा मला ठाव हाय. रोज धुती म्या त्यो. ह्यो त्यो न्हाई."

"तुम्ही चव घेतली का?"

"तोंडाला लावत न्हाई म्या. पन नाक कुनी बांधून ठिवलंय व्हय?"

अजिनाथ उठला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हा मला फोडतो. पण त्यानं दार लोटलं आणि टेबलाला टेकून उभा राहिला.

"मावशी, मला वास येत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. कसलाच येत नाही."

राहीबाईनं मला हळूच खाली ठेवलं. हात लुगड्याला पुसले.

"घरी ठाव हाय?"

"नाही. डॉक्टरला सोडून कुणालाच नाही."

"कसलाच न्हाई म्हंजी... लेकराच्या टाळूचा बी न्हाई?"

अजिनाथची धाकटी मुलगी, ज्ञानेश्वरी, तेव्हा दीड वर्षाची होती. म्हणजे तापानंतर जन्मलेली. अजिनाथनं नुसती मान हलवली. तो रडला नाही. पण दोन वर्षं जो चेहरा कोरा होता, त्यावर त्या दिवशी मी पहिल्यांदा काहीतरी उमटलेलं पाहिलं.

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. अंगदच्या हाका ऐकू आल्या.

"म्या कुनाला सांगायची न्हाई," राहीबाई म्हणाली. "तुमचं तुमी बगा. पन दूध असतं तर म्या कॅन बाजूला ठिवला असता."

मित्रांनो, त्याला गप्प बसता आलं असतं. टेम्पो भरून निघून गेला असता, आणि बिघडली तर वाटेतल्या उन्हावर ढकलता आलं असतं. पण त्यानं मला देठाला धरलं आणि तो बाहेर आला.

"अंगद, याचा वास घे."

अंगदनं घाईघाईनं नाक लावलं. "काय झालं? मस्त आहे की. लोण्यासारखा येतोय. लोकांना आवडेल हे."

"आज लोण्यासारखा येतोय. तिथे पोहोचून, उन्हात तापून आठ दिवसांनी खवट येईल. मी टाकी लवकर गार केली. आता पुन्हा थोडी उबेत ठेवली तर यीस्ट ते खाऊन टाकतं. चार दिवस लागतील."

"चार दिवस? दादा, परवा उद्घाटन आहे!"

"माहीत आहे."

"आणि हे आज सांगतोस? काल तर वहीत छान लिहिलंस!"

"मला आजही कळलं नाही," अजिनाथ म्हणाला. "राहीमावशींना कळलं. मला वास येत नाही, अंगद. दोन वर्षं मी मागच्या पानावरचं उतरवतोय."

टेम्पोचा ड्रायव्हर तंबाखू मळता मळता थांबला. अंगदनं आधी हसून पाहिलं, चेष्टा असेल म्हणून. मग तो लाल झाला. काय काय बोलला ते मी सांगत नाही. त्यातलं निम्मं खरं होतं, आणि निम्मं रागाचं. राहीबाई दारात उभी होती, ती खाली बघत राहिली. शेवटी टेम्पो रिकामा गेला. हॉटेलवाल्यांनी दुसऱ्या कुणाची तरी बिअर ठेवली, ती कायमची. ते काम पुन्हा आमच्याकडे आलं नाही.

पुढचे चार दिवस कारखान्यात कुणी मोठ्यानं बोललं नाही. टाकी उबेला ठेवली होती. रोज दहाला अजिनाथ मला भरायचा आणि राहीबाईच्या हातात द्यायचा. अंगद दाराशी हाताची घडी घालून उभा राहायचा.

"हाय अजून," ती पहिल्या दिवशी म्हणाली.

"हाय, पन पातळ झालंय," दुसऱ्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पुन्हा नाक खाली नेलं. "शेवटाला येतंय. ताकाचं भांडं धुतल्यावर ऱ्हातं तेवढंच."

चौथ्या दिवशी तिनं मला दोनदा फिरवलं. अजिनाथ फिरवायचा तसंच. कधी शिकली कुणास ठाऊक. "गेलं," ती म्हणाली. "संत्र्याचं साल हाय. गवती च्या हाय. आन कैरी न्हवं ही, सायेब. तुमी कैरी लिवता, ती चिंचंची कवळी पानं हायेत."

अजिनाथनं घोट घेतला. "कडू बरोबर आहे," म्हणाला, आणि वहीत दोन वर्षांत पहिल्यांदा खरं लिहिलं. चिंचेची कोवळी पानं. खाली तिचं नाव.

अंगद निघून गेला. त्यानं अजिनाथला काढलं नाही, पण दादा म्हणणं सोडलं. आता तो त्याला फक्त अजिनाथ म्हणतो. अजिनाथनं त्याची तक्रार केली नाही. मुख्य म्हणून पुण्याहून दुसरा माणूस आला, अजिनाथ त्याच्या हाताखाली टाक्या बघतो. वास बघण्याचं काम राहीबाईकडे आलं.

तिलाही ते सोपं गेलं नाही. गावात कुजबुज झाली, की सूर्यभानची बायको बिअर पिण्याच्या नोकरीवर लागली. सूर्यभान, तिचा नवरा, आठवडाभर तिच्याशी धड बोलला नाही. पिठाच्या गिरणीवर बाया तिला बघून पदर तोंडाला लावायच्या. एका सकाळी ती मला धुता धुता एकटीच बडबडत होती. "बावीस वरसं दूध हुंगलं, तवा कुनी मला म्हस म्हनलं न्हाई. आताच कशी म्या दारुडी झाली?" तिच्या आवाजात राग कमी आणि दमणूक जास्त होती. पण दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली.

त्या वर्षी खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होती. टाक्यांना झेंडूच्या माळा घातल्या, तोट्यांना कुंकू लावलं, मलाही लावलं. अजिनाथची बायको आरती मुलीला घेऊन आली होती. तिला आता सगळं ठाऊक होतं. ज्ञानेश्वरी झेंडूच्या पाकळ्या उपटत हिंडत होती. राहीबाईनं तिला उचललं आणि तिच्या केसांत नाक खुपसलं. पोर खिदळली.

"सायेब, हिकडं या," राहीबाई म्हणाली. "सांगू का?"

अजिनाथ जवळ आला.

"वरती टाळूला खोबऱ्याचं तेल हाय. ते समद्याच लेकरांचं असतं. कानामागं दुदाचा हाय, जरा आंबूस. आन हितं मानंपाशी..." ती थांबली, पुन्हा हुंगलं. "हितं उन्हात वाळवल्याली गोधडी असती ना, सांजच्याला घडी घालताना येतो तसा. ऊबदार. ह्यो हिचा सोताचा हाय."

आरतीनं तोंड फिरवलं. अजिनाथनं मुलीच्या मानेत नाक टेकवलं आणि तिथेच ठेवलं. त्याला काही आलं नसणार. डॉक्टर म्हणतात येईल, कधी ते सांगता येत नाही. पण त्यानं डोळे मिटले होते, आणि त्याच्या भुवया कितीतरी दिवसांनी हलल्या. पोरीला गुदगुल्या होऊन ती ओरडेपर्यंत तो हलला नाही.

माझं म्हणाल तर माझं सरलं. गेल्या हिवाळ्यात गार पाण्यानं राहीबाईची बोटं बधिर झाली होती, मी निसटलो आणि नळाला लागलो. काठाचा टवका उडाला. फुटक्या काठाला ओठ लावता येत नाही. पुण्याच्या साहेबांनी नवे बारा पेले मागवले, एकसारखे, चकचकीत. मला फळीवर ठेवलं. कुणीतरी माझ्यात पेनं खोचली. एका पेनाची शाई गळली आणि माझ्या तळाशी निळा डाग बसला. एके काळी ज्या पोटात संत्र्याच्या सालीचा वास साठायचा, तिथे आता शाई आहे. मी त्याचा राग मानत नाही. एवढी ताकद उरलेली नाही.

समोरच्या खिडकीशी अजून रोज दहाला दोघं उभी राहतात. ती हुंगते, तो घोट घेतो. ती सांगते, तो लिहितो. दोघंही आता थकलेली दिसतात. कधी कधी ती वास सांगते आणि तो लिहायचं विसरून नुसता ऐकत राहतो. नवे पेले हे सगळं बघतात, पण त्यांना अजून माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत. येतील हळूहळू.

मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे, तेवढं ऐका. माझ्यासारख्या भांड्यांना जपाच, पण त्याआधी माणसांना जपा. तुमच्या घरातलं, शाळेतलं कुणी रोजचं काम रोजच्यासारखंच करत असेल आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नसेल, तर त्याच्याजवळ जाऊन विचारा, की काय झालंय. उत्तर लगेच येणार नाही. येईपर्यंत तिथेच उभे राहा. अजिनाथला दोन वर्षं कुणी विचारलं नाही. मी रोज त्याच्या इतका जवळ होतो, सगळं मला दिसत होतं. पण पेल्याला नुसतं तोंड असतं, वाचा नसते. तुम्हाला दोन्ही आहेत.